वळवाच्या मागावर : साताऱ्याच्या पठारांवर टाइमलॅप्स करताना

साताऱ्याला कॅमेरा घेऊन जायचं म्हटलं की जो तो सप्टेंबर सुचवतो. कासची फुलं, धुकं, ठोसेघर भरून वाहतंय, वगैरे. आम्ही गेलो भर मे महिन्यात. फुलांचे फोटो हवेच नव्हते, हवे होते वळवाचे ढग, आणि तेही टाइमलॅप्समध्ये : ठराविक सेकंदांनी फोटो काढत राहायचं आणि ते जोडून तासांचा खेळ काही सेकंदांच्या क्लिपमध्ये दाखवायचा. पावसाळा एकदा बसला की आभाळ दिवसेंदिवस एकाच राखाडी रंगाचं राहतं आणि त्यात हलताना दिसावं असं फारसं काही उरत नाही. मे महिन्यात मात्र सकाळी आभाळ कोरं, बाराच्या सुमारास पांढरे पुंजके, चारपर्यंत त्यांचे मनोरे, संध्याकाळी गडगडाट आणि पाऊस पडून गेला की धुतलेली रात्र. सगळा खेळ एका दिवसात.

रात्रीचं आभाळही पाहिजे होतं, म्हणून वैशाख अमावास्येला धरून तारखा काढल्या. सांगलीहून कराडमार्गे निघालो. सोबत भाची, नुकतीच बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. "मामा, मी फक्त फोनवर करणार, तुझं ते सामान मला उचलायला लावू नकोस," ही अट तिने गाडीत बसण्याआधीच घातली होती.

शुक्रवार : अजिंक्यतारा

साताऱ्यात पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. खोलीवर सामान टाकलं आणि चारच्या सुमारास अजिंक्यताऱ्यावर गेलो. दरवाजापर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे जड ट्रायपॉड नेणाऱ्या माणसासाठी साताऱ्यात याहून सोपी जागा नाही. उत्तरेकडच्या कडेला उभं राहिलं की सगळं शहर पायाखाली, पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, नैऋत्येला सज्जनगड. लांब पूर्वेला जरंडेश्वर दिसतो. त्याच्यामागे एक ढग चांगलाच चढला होता.

इथे करायचं होतं ते दिवसातून रात्रीत जाणारं चित्रण. टाइमलॅप्सवाले याला होली ग्रेल म्हणतात, आणि त्यात अवघड आहे ते एकच : उजेड कमी होत जातो, तसतसा शटरचा वेळ वाढवत न्यायचा, पण पाहणाऱ्याला ती वाढ कळता कामा नये. मी सुरुवात केली सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागावर. सूर्य डोंगराआड गेल्यावर दर काही फ्रेमनंतर (फ्रेम म्हणजे एक फोटो) शटर एक तृतीयांश स्टॉपने वाढवत गेलो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि दिवे लागल्यावर चार सेकंदांवर येऊन थांबलो. दोन फ्रेममधलं अंतर पहिल्यापासूनच सहा सेकंद ठेवलं होतं. शेवटी शटर कितीपर्यंत जाणार याचा अंदाज घेऊनच अंतर ठरवावं लागतं, मध्येच ते बदललं की क्लिपमधले ढग एकदम पळायला लागतात. हे टप्पे नंतर एलआरटाइमलॅप्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये गुळगुळीत करता येतात.

बाकी सगळं मॅन्युअल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, तोसुद्धा. ऑटोवर ठेवलं तर प्रत्येक फ्रेमचा रंग किंचित वेगळा येतो आणि क्लिप लुकलुकते. लुकलुकण्याचं दुसरं कारण लेन्समध्येच असतं. प्रत्येक फोटोला अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, ठरलेल्या मापापर्यंत आकसतं, पण दर वेळी अगदी तेवढंच नाही. केसाएवढा फरक राहतो. जुनी, हाताने अ‍ॅपर्चर फिरवायची लेन्स असेल तर हा प्रश्न येत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या लेन्स लोक अजून का शोधत असतात, ते यावरून कळावं.

गडावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. एक गृहस्थ बराच वेळ आमच्यामागे उभे होते. मग म्हणाले, "फोटो काढून झाला न्हाई का अजून?" भाचीने त्यांना तिच्या फोनवर आधीची एक क्लिप दाखवली. त्यांनी ती पुन्हा पाहिली, मग बायकोला हाक मारून तिलाही दाखवली. "हे आपल्या साताऱ्याचं आभाळ हाय व्हय?" नव्हतं, सांगलीतल्या कृष्णाकाठचं होतं. पण भाचीने हो म्हणून टाकलं.

जरंडेश्वरामागच्या ढगाचा माथा सूर्य बुडाल्यावरही गुलाबी राहिला होता, इतका तो उंच गेला होता. आतून विजा चमकत होत्या, आवाज मात्र येत नव्हता. खाली राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत एकेक करत दिवे लागले. (उशिरापर्यंत थांबायचं असेल तर वर जाण्याआधी चौकशी करून घ्या, आणि उतरताना टॉर्च लागतेच.) रात्री राजवाड्यापाशी चौपाटीवर जेवलो.

शनिवार : सज्जनगड, चाळकेवाडी

सकाळचं आभाळ बिनकामाचं होतं, धुरकट पांढरं. अशा वेळी कॅमेरा बाहेर काढू नये, बॅटऱ्या भराव्यात आणि खावं. मिसळ खाऊन सज्जनगडाकडे निघालो. गाडीतळापासून पायऱ्या चढताना घामाने भिजलो, पण दुपारच्या प्रसादाच्या पंगतीत बसल्यावर वारं लागलं आणि बरं वाटलं. भात, आमटी, गव्हाची खीर. भाचीने खीर दोनदा घेतली. समर्थांच्या समाधीचं दर्शन घेऊन बाहेर येतो तोच खाली उरमोडीच्या पाण्यावर ढगाची पहिली सावली सरकताना दिसली. साडेबारा वाजले होते.

गडाच्या कडेवर, वाटेतून बाजूला, तीन सेकंदांच्या अंतराने एक क्लिप केली. त्यात फक्त सावल्या. आभाळ फ्रेममध्ये जवळजवळ नाहीच. पाणी, शेतांचे तुकडे, परळीची घरं आणि त्यांच्यावरून जाणारे काळे डाग. नवशिक्यांना माझं सांगणं असतं की नुसतं आभाळ टिपू नका, ते दोन सेकंदांत कंटाळा आणतं. खाली ओळखीचं काहीतरी हवं, म्हणजे ढग केवढा आणि किती वेगाने गेला ते कळतं.

हिशोब सोपा आहे. व्हिडिओला सेकंदाला 25 फ्रेम लागतात, म्हणजे दहा सेकंदांच्या क्लिपला 250 फोटो. तीन सेकंदांच्या अंतराने ते साडेबारा मिनिटांत होतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, मोठी फाइल) एक फोटो 25 एमबीचा धरला तर एका क्लिपला सव्वासहा जीबी. कार्डं त्या बेताने घ्या.

ठोसेघरला मे महिन्यात पाण्याची एक बारीक धार असते, तीही असली तर. न थांबता चाळकेवाडीला चढलो.

पठारावर पवनचक्क्याच पवनचक्क्या. खाली जांभा, वर वाळलेलं गवत, आणि वारा असा की दार उघडलं की हातातून निसटतं. ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरून ठेवले, मधला दांडा वर केला नाही आणि खालच्या हुकाला दगड भरलेली पिशवी टांगली. पिशवी जमिनीला टेकेल इतकीच, नाहीतर ती झोके घेते आणि ट्रायपॉडलाही हलवते.

पवनचक्क्यांचं टाइमलॅप्स दिसतं तितकं सोपं नाही. घड्याळ लावून पाहिलं तर समोरच्या चक्कीचं एक पातं तीन सेकंदांत फेरी पुरी करत होतं. पाती तीन आणि एकसारखी, म्हणजे दर सेकंदाला चित्र पुन्हा होतं तसंच. आता एक, दोन किंवा तीन सेकंदांच्या अंतराने फोटो काढले तर क्लिपमध्ये चक्की थांबलेली दिसेल, नाहीतर वाऱ्याचा वेग जरा बदलला की उलटी फिरेल. यावर उपाय म्हणजे शटर लांबवायचं. सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळपट काच, लावला, अ‍ॅपर्चर अकरावर नेऊन बारीक केलं, तेव्हा ढगाळ उजेडात एक सेकंदाचं शटर मिळालं. तेवढ्यात तिन्ही पाती मिळून पूर्ण वर्तुळ पुसून काढतात आणि चक्कीच्या जागी फिकट तबकडी दिसते. तीच खरी वाटते.

हे चालू असताना म्हशी आल्या. त्यांच्यामागे एक बाबा, डोक्याला टॉवेल, हातात छत्री. म्हशी कॅमेऱ्यासमोरून सावकाश गेल्या (क्लिपमध्ये त्या भुर्रकन जातात), बाबा मात्र थांबले.

"ढगाचा फोटो काढताय?"

"हो बाबा. पाऊस येईल का आज?"

त्यांनी वर पाहिलं नाही, पश्चिमेला पाहिलं. "खालचं ढग कोकणातनं यायलंय. वरलं देशावरनं. दोघांची गाठ पडली की पडतोय. नुसतं खालचं आलं तर काय न्हाई, वारं सुटतंय आन् जातंय."

मी आभाळाकडे पाहिलं. मला एकच ढग दिसत होता, आणि तो कुठेच जाताना दिसत नव्हता.

"आज?"

"तासाभरात गाडीत बसा," म्हणाले, आणि म्हशींमागे चालू लागले.

तासही लागला नाही. पूर्वेकडची बाजू निळसर काळी झाली, वारा एकदम पडला आणि पात्यांचा तो भुंग-भुंग आवाज थांबला. मग थंड झोत उलट्या दिशेने आला, धुळीसकट. पहिली वीज दिसली आणि भाची मोजायला लागली. आवाजाला एक किलोमीटरला तीन सेकंद लागतात. तिचे अठरा झाले, म्हणजे वीज सहा किलोमीटरवर. दुसरीचे अकरा. कॅमेरा गाडीलगत ट्रायपॉडवर ठेवला, वर प्लास्टिकची पिशवी बांधली, शटर लावून सोडलं आणि काचा वर करून आत बसलो.

इथे गंमत नाही. उघड्या पठारावर उभा माणूस आणि शेजारी ट्रायपॉड, वीज आणखी काय शोधणार? वीज आणि गडगडाट यांच्यात तीस सेकंदांहून कमी वेळ असेल तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. झाडाखाली किंवा पवनचक्कीच्या बुडाशी उभं राहणं तर नकोच. विजांसाठी कॅमेऱ्याला माणूस लागतही नाही. संधिप्रकाशात सहा सेकंदांचं शटर, मध्ये अंतर जवळपास शून्य, आणि एकामागून एक फोटो होऊ द्यायचे. कोणत्या फ्रेममध्ये वीज सापडेल ते तिचं ती ठरवते.

आधी गारा आल्या, हरभऱ्याएवढ्या. टपावर इतका आवाज की बोलणं ऐकू येईना. भाचीने काच बोटभर खाली करून बाटलीचं झाकण बाहेर धरलं, त्यात चार गारा मिळाल्या. एक उभी धरून पाहिली तर मध्ये दुधी गोळा आणि भोवती काचेसारखा स्वच्छ थर. ढगातल्या वरखाली फेऱ्यांत असे थर चढतात हे पुस्तकात वाचलं होतं. झाकणात ते वितळेपर्यंत दोघं बघत बसलो. मग पाऊस, आडवा. आणि मग मातीचा तो वास, बंद काचांतूनही.

रात्री गावात एका घरी उतरायची सोय झाली. आजींनी चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापल्या, सोबत पिठलं, खर्डा आणि ताक. गारांनी आंबे पाडले होते. त्यातलाच एक ठेचून, गूळ-मीठ लावून ताटात आला. लाइट गेलेली. "आमच्या डोक्यावर एवढ्या गिरण्या फिरत्यात, आन् लाइट आमचीच जाती," आजी म्हणाल्या आणि कंदिलाची वात वर केली. आभाळ रात्रभर झाकलेलं राहिलं. तारे नाहीत. कोकणाच्या बाजूला मात्र लांबवर उजेड उघडमीट करत होता.

रविवार : कास, बामणोली

चाळकेवाडीहून परत साताऱ्यात, तिथून यवतेश्वरचा घाट चढून कास. मे महिन्यातलं कासचं पठार पाहून ओळखू येत नाही : तांबूस काळा जांभा, भाजल्यासारखं गवत, माणूस नाही. 2012 साली युनेस्कोच्या यादीत गेलेलं ते हेच का, असं भाचीने विचारलं. हेच. दगडावरच्या मातीच्या पातळ थरात सगळं बी दडलेलं आहे. जूनचा पाऊस पडल्याशिवाय ते तोंड दाखवत नाही. वाटेत एक बाई पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं विकत बसल्या होत्या. दोन द्रोण घेतले, तिथेच संपवले, मग आणखी दोन. बोटं सांगलीपर्यंत जांभळी राहिली.

बामणोलीत पोहोचलो तर शिवसागर पार खाली गेलेला. कोयना धरणाचा हा फुगवटा पावसाळ्यानंतर गावापर्यंत भरतो. मे महिन्यात किनाऱ्याच्या तांबड्या मातीवर पाणी उतरत गेल्याच्या रेघा दिसतात, एकाखाली एक. मला तर भरलेल्या तलावापेक्षा या रेघाच आवडल्या, फ्रेममध्ये त्या नजर थेट पाण्यापर्यंत नेतात. पलीकडच्या काठावरचं वासोट्याकडचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं आणि तिथे रात्री थांबता येत नाही, त्यामुळे तंबू अलीकडे, गावाच्या बाजूलाच. जेवायला नाचणीची भाकरी आणि पाण्यातून त्याच दिवशी आलेला मासा. ड्रोन सोबत असेल तर परवानगीचं आधी बघा. आम्ही नेलाच नव्हता.

दुपारी पुन्हा ढग चढले, थोडा शिडकावा झाला आणि आठपर्यंत आभाळ असं उघडलं की दोघंही काही वेळ काम विसरलो. वळवानंतर हवेतली धूळ बसलेली असते. मे महिन्याच्या अखेरीस आकाशगंगेचा गाभा रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेला वर येतो आणि दोन-अडीचला दक्षिणेला सगळ्यांत उंच असतो. त्याआधी ज्येष्ठेचा तांबडा तारा आणि मागे विंचवाची नांगी दिसली की जागा कळतेच, अ‍ॅप लागत नाही.

ताऱ्यांसाठी माझं गणित असं. 500 ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं, तेवढे सेकंद तारे ठिपके राहतात, त्यापुढे रेघा होतात. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (सेन्सर लहान, त्यामुळे दृश्य दीडपट जवळचं येतं), म्हणून 16 मिमीची लेन्स 24 ची धरायची. उत्तर वीस सेकंदांच्या आसपास. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) 3200, फ्रेमचं अंतर 23 सेकंद. दहा सेकंदांच्या क्लिपला दीड तासाहून जास्त वेळ जातो. एक सेटिंग आठवणीने बंद करा : लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन. ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ एक काळा फोटो काढत बसतो आणि मधल्या फ्रेम गळतात.

पाण्याकाठी दुसरा शत्रू दव. काच थंड झाली की तिच्यावर वाफ बसते आणि तारे हळूहळू विरघळतात, स्क्रीनवर लगेच लक्षातही येत नाही. पॉवर बँकवर चालणारा हीटरचा पट्टा लेन्सभोवती गुंडाळला होता, तो रात्रभर चालला. पट्टा विकत घेण्याआधी मी गरम पॅक मोज्यात घालून लेन्सला बांधायचो, तेही चालतं.

एक वाजून गेला असेल. गावातलं एक कुत्रं येऊन ट्रायपॉडच्या दोन पायांमध्ये झोपलं. हाकलावं तर धक्का लागणार, म्हणून राहू दिलं. आणि मग काठावरच्या झाडाखाली हिरवट ठिपका सरकला. दुसरा. पहिल्या पावसाचे काजवे! तयारी ताऱ्यांची होती आणि वीस सेकंदांच्या शटरमध्ये काजव्यांच्या तुटक रेघा उमटत होत्या. भाची फोन खिशात ठेवून नुसती झाडाकडे बघत बसली.

सोमवार : परत

पहाटे पाण्यावर वाफेचा पातळ थर होता, त्याची शेवटची क्लिप. उजेड फुटल्यावर कुत्रं उठून निघून गेलं. साताऱ्यात कंदी पेढ्यांसाठी थांबलो (मोती चौकात, घरच्यांनी आधीच बजावलं होतं) आणि दुपारपर्यंत कराडच्या पुढे.

घरी फोटो जोडायला बसलो तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. अजिंक्यताऱ्याची संध्याकाळ भाचीच्या फोनवर माझ्याइतकीच चांगली उतरली होती. तिने तो कठड्यावर दोन दगडांत रोवला, पॉवर बँक लावली आणि हात लावला नाही; उजेडाचं सगळं फोनने सांभाळलं. मोठ्या पडद्यावर दाखवायचं नसेल तर नवशिक्याने कॅमेऱ्यावर पैसे घालण्याआधी एक पावसाळा फोनवरच काढावा, असं माझं आता पक्कं मत झालंय. तारे आणि विजा यांच्यासाठी मात्र मी कॅमेराच घेतो.

दुसरी गोष्ट चाळकेवाडीची. तिथे उभ्याउभ्या मला एकच थांबलेला ढग दिसत होता. क्लिपमध्ये ते दोन आहेत. खालचे फाटके पुंजके घाट चढून पश्चिमेकडून पूर्वेला धावतात, आणि त्यांच्या वर मोठ्या ढगाची टोपी उलट, पूर्वेकडून पश्चिमेला पसरत येते. पंधरा सेकंदांत दोन्ही एकमेकांखाली शिरतात, काळोख होतो आणि पवनचक्क्यांच्या तबकड्या फुटून पाती दिसायला लागतात, कारण वारा पडलेला असतो. बाबांनी जसं सांगितलं तसंच.

आजींच्या नातवाचा नंबर घेतला होता. म्हशीवाले बाबा कोण, हे त्याने लगेच ओळखलं आणि क्लिप त्यांना नेऊन दाखवली. संध्याकाळी त्याच्याच फोनवरून बाबांचा आवाज आला, मागे म्हशीच्या घंटा : "चांगलं झालंय. पर जरा सावकाश लावा की. आमच्या म्हशी दिसंनात."